ढेकूण, डिसेंबर आणि तिसरी पुडी

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. 'एकोणऐंशी' म्हटलं की मी अजूनही मनातल्या मनात 'सेव्हंटी नाइन' करून घेते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला दोष देऊ नका. पण हा लेख मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं, कारण ज्यांनी तो वाचायला हवा ते रेक्टर मॅडमपासून मेसच्या काकांपर्यंत सगळे मराठी वाचतात.

विषय आहे ढेकूण. हसू नका! गेल्या वर्षी आम्हीही हसत होतो.

आमच्या रूममध्ये तिघी. आम्ही एकमेकींना गावाच्या नावाने हाका मारतो. मी ठाणे (यावर जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेले आहेत), दुसरी चंद्रपूर, तिसरी यवतमाळ. नोव्हेंबरमध्ये चंद्रपूरच्या हातावर सकाळी एका रांगेत तीन-चार लाल गांध्या दिसायला लागल्या. आधी वाटलं डास, मग वाटलं मेसच्या वांग्याची अॅलर्जी. एका रात्री दोन वाजता मोबाईलचा टॉर्च लावून गादीची शिवण उलटी केली, तेव्हा खरा प्रकार कळला.

आता सगळ्यात मोठी चूक ऐका. आम्ही कोणालाही सांगितलं नाही. ढेकूण म्हणजे घाणेरडेपणा, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. 'तीनशे बारावाल्या' म्हणून नाव पडेल ही भीती. खरं तर ढेकणांना स्वच्छतेशी काही देणंघेणं नसतं. त्यांना लागतं रक्त आणि लपायला एक फट. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ते येतात, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला आपल्याच बॅगेतून, वळकटीतून फिरतात. टॉपर आणि एटीकेटी असा भेद ते करत नाहीत.

थंडीत मरतील, हा गैरसमज

आमचा पहिला प्लॅन होता काहीही न करण्याचा. नागपूरची थंडी कोरडी आणि कडक. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तर इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईकडून आलेल्या मला ही थंडी इतकी बोचायची, की वाटलं ढेकूण आपोआप गारठून मरतील.

पण थंडीने ढेकूण मारायचे तर उणे १८ अंशांत, म्हणजे डीप फ्रीझरमध्ये, सलग चार दिवस ठेवावे लागतात. साधारण १३-१४ अंशांच्या खाली त्यांची वाढ थांबते एवढंच. मोठे ढेकूण काही न खाता महिनोन्‌महिने काढू शकतात. आणि बाहेर ८ अंश असले तरी आमच्या रजईखाली कुठे ८ अंश असतात? आपण स्वतःसाठी ऊब करतो, ती त्यांनाही फुकट मिळते.

त्यांचं गणितही समजून घ्या. मादी रोज एक ते पाच अंडी घालते, आयुष्यात दोनशेच्या वर. नेहमीच्या तापमानाला आठ-दहा दिवसांत अंडं फुटतं. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला एकदा रक्त लागतं. म्हणजे एकदा फवारून सगळे मोठे ढेकूण मारले, तरी दहा दिवसांनी अंड्यांतून नवी बॅच हजर.

शिवाय बाजारातले बरेचसे स्प्रे पायरेथ्रॉइड जातीचे असतात. ते किड्याच्या मज्जातंतूतल्या सोडियम चॅनेलवर काम करतात. पुष्कळ ठिकाणच्या ढेकणांमध्ये त्या चॅनेलची रचनाच बदलली आहे, त्यामुळे औषध तिथे नीट बसत नाही. कुलूप बदललं, आपण जुनी किल्ली फिरवतोय! आम्ही दोन डबे संपवले. काही मेले, बाकीचे प्लगच्या खोक्यातून शेजारच्या रूममध्ये गेले.

गोळ्या

डिसेंबरमध्ये यवतमाळ घरून परत आली ती एक पुडी घेऊन. धान्याच्या कोठीत ठेवायच्या गोळ्या. "घरी एका गोळीत कोठी साफ होते," ती म्हणाली. आम्हाला एकदम हायसं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी तीन गोळ्या तीन कागदांत गुंडाळून तीन गाद्यांखाली ठेवल्या, खिडक्या बंद केल्या, दाराला कुलूप लावलं आणि दुसऱ्या विंगमध्ये झोपायला गेलो. शनिवारी दुपारी दार उघडलं. थोडा लसणासारखा वास होता. ठरलं असं की प्रत्येकीने एकेक पुडी काढून फेकायची. यवतमाळला बाहेर जायचं होतं, म्हणून तिच्या गादीखालची पुडी मी काढणार होते. तेवढ्यात व्हायवाच्या फाइलसाठी कोणीतरी हाक मारली आणि मी गेले.

रात्री थंडी होती. खिडक्या बंद. यवतमाळ त्याच गादीवर झोपली.

पहाटे तीनच्या सुमारास ती उठून उलट्या करायला लागली. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाली. चंद्रपूरचं डोकं दुखत होतं. मला अचानक पुडी आठवली. तो क्षण मी कधी विसरणार नाही. आम्ही तिला ओढतच कॉरिडॉरमध्ये आणलं. रेक्टर मॅडम नाईटगाऊनवर शाल घेऊन धावत आल्या. १०८ ला फोन केला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या गोळ्या?" नाव सांगितल्यावर ते एक सेकंद गप्प झाले. मग म्हणाले, "याला उतारा नाही. हृदय सांभाळायचं आणि वाट बघायची." आम्ही दोन दिवस वाट बघितली. यवतमाळ वाचली.

तिचे बाबा सकाळच्या पहिल्या एसटीने आले. शेतकरी माणूस. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं. मला वाटलं ते ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "पोरी, हे कोठीत ठेवाचं असते. झोपाच्या खोलीत नाई."

गणित, जे मी आधी करायला हवं होतं

या गोळ्या म्हणजे अल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या बाष्पाशी संयोग झाला की त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम फॉस्फीन. हे फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीचं गणित आहे, आणि फर्स्ट इयरला मला केमिस्ट्रीत डिस्टिंक्शन होतं.

आमची रूम १० बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तीन गोळ्यांतून ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम वायू. भागिले ३४, दर घनमीटरला सुमारे ८८ मिलिग्रॅम. सगळा वायू खोलीतच राहिला असं धरलं तर हे होतं ६० पीपीएमच्या वर. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी मान्य मर्यादा आहे ०.३ पीपीएम. आणि ५० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात.

आता आपल्या शहराचा मुद्दा. बाष्प भरपूर आणि हवा उबदार असेल तर गोळी भराभर विरघळते. नागपूरच्या कोरड्या थंडीत तिला काही दिवस लागतात. म्हणजे 'एक रात्र झाली, वास कमी झाला, काम झालं' हा हिशेब इथे साफ चुकतो. राखाडी पूड दिसली तरी आत गोळी शिल्लक असू शकते. वासावरही भरवसा नको. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो तो त्यातल्या अशुद्ध घटकांचा. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. तो दाराखालून, वायरिंगच्या पाइपातून शेजारच्या खोलीतही जातो. म्हणूनच या गोळ्या किरकोळीने कोणालाही विकायला सरकारने बंदी घातली आहे. तरीही त्या घराघरांत डब्यात पडून असतात.

तुमच्या घरी असतील तर एवढं लक्षात ठेवा. कोणत्याही राहत्या खोलीत त्या ठेवायच्या नाहीत. कोणी ठेवलेल्या कळल्या तर आधी माणसं बाहेर काढा. गोळ्यांवर पाणी टाकू नका, संडासात फ्लश करू नका. वायू आणखी वेगाने निघतो आणि पेटूही शकतो. आजारी माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. लाज वाटून नाव लपवू नका.

आणि हो, एवढं करून दहा दिवसांनी ढेकूण परत आलेच.

मग उपाय काय?

पहिला उपाय, सांगणे. आम्ही रेक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विंगमधल्या सगळ्या रूम्स तपासल्या तर आमच्यासारख्या आणखी पाच निघाल्या. सगळ्याच लाजून गप्प बसलेल्या! एकाच रूमला औषध मारून उपयोग नसतो. पूर्ण विंग एकदम, आणि दोन आठवड्यांनी परत एकदा, म्हणजे अंड्यांतून निघालेली पिल्लं मोठी व्हायच्या आत. हे काम परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच करून घ्यावं.

दुसरा उपाय, उष्णता. ढेकूण थंडीला दाद देत नाही, पण उष्णतेपुढे हरतो. ४५ अंशांना मोठे ढेकूण दीड-दोन तासांत मरतात, अंड्यांसाठी ४८ अंश धरावे, ५० च्या वर तर लगेचच. चादरी-उशांचे अभ्रे सोलरच्या कडक पाण्यात भिजवले की झालं. गादीचं काय?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. हीट ट्रान्सफरच्या लॅबमधून सरांच्या परवानगीने एक थर्मोकपल घेतलं आणि गादीच्या मधोमध खुपसलं. जानेवारीत गच्चीवर दुपारभर ऊन दिलं. वरची बाजू ४१ अंश, मधोमध फक्त २७. कापूस उष्णतेचा मंद वाहक, त्यामुळे ढेकूण निवांत खालच्या बाजूला जाऊन बसतात. म्हणजे थंडीत गादीला ऊन दाखवणं ही मनाची समजूत. मे महिन्यात हाच प्रयोग गादी काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद करून केला. बाहेर ४४ अंश, वरची बाजू ६३, आणि चार तासांनी मधोमध ४९! मध्ये एकदा गादी उलटली. नागपूरच्या उन्हाला पहिल्यांदाच मनापासून धन्यवाद दिले. तोवर थंडीत गाद्यांच्या शिवणींवर वाफेचं मशीन फिरवावं. पलंगावर रॉकेल ओतणं मात्र विसरा. ढेकणापेक्षा आग महाग पडते.

तिसरा उपाय, कोरडेपणा. ढेकणाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो. डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी बारीक भुकटी हा थर शोषून घेते आणि किडा वाळून मरतो. कोरड्या हवेत ही भुकटी जास्त चांगलं काम करते, म्हणजे आपला हिवाळा इथे आपल्या बाजूचा! पण ती फक्त फटीत, पातळ, नाकाला रुमाल बांधून भरायची. गादीवर पावडरसारखी उधळायची नाही. मोठ्या फटी पुट्टीने बुजवाव्यात आणि पलंग भिंतीपासून चार बोटं दूर ठेवावा.

जाता जाता झुरळांबद्दलही. जर्मन झुरळ अन्नाशिवाय महिनाभर काढतं, पण पाण्याशिवाय साधारण दोन आठवड्यांतच संपतं. हिवाळ्यात सगळीकडे कोरडं असल्यामुळे ती बाथरूम आणि मेसच्या सिंकभोवती गोळा होतात. गळका नळ दुरुस्त करणं हे अर्धं औषध. उरलेलं अर्धं म्हणजे बोरिक पावडर, साखर आणि कणीक यांच्या गोळ्या, अन्नापासून दूर, ओट्यामागे. आणि कूलर ठेवून देताना टाकीतलं पाणी काढून, पुसून ठेवा. नाहीतर तिथे डेंग्यूचे डास वाढतात, आणि जुन्या वाळ्याच्या ताट्यांत उंदीर संसार थाटतात.

आमची रूम आता साफ आहे. यवतमाळ त्याच पलंगावर झोपते, मला चिडवते, माझ्या जर्नल्सही कॉपी करते. त्या पुडीबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. मी मात्र रोज रात्री झोपायच्या आधी तिच्या गादीखाली हात घालून बघते. ती म्हणते, "ठाणे, झोप न आता."

तर मित्रमैत्रिणींनो, गांध्या दिसल्या तर लाजू नका. त्याच दिवशी जाऊन सांगा. ढेकूण रक्त पितो, पण त्याच्यामुळे रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्याने कोणाचा जीव जात नाही. आमच्या रूममध्ये जीव जाणार होता तो आमच्या गप्प बसण्याने.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी