चार वाजताचा चहा आणि पत्तीचा हिशेब

दुपारचे चार वाजले की अंधेरीच्या सीप्झपासून मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गापर्यंत काम करणाऱ्या माणसाला चहाची तलफ येते. जेवणाची सुस्ती उतरलेली नसते आणि सुटी व्हायला अजून वेळ असतो. अर्धा ग्लास ‘कटिंग’, सोबत खारी आणि सोबत्याशी दोन शब्द, एवढ्याने माणूस ताजातवाना होतो. हा आनंद स्वस्त आहे, म्हणूनच त्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटते.

तो स्वस्त कसा झाला? १९३० च्या सुमारास आसाममधील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी चहाची पाने चिरडून, फाडून त्यांचे बारीक दाणे करणारे यंत्र बनविले. या पद्धतीला ‘सीटीसी’ म्हणतात. अशी पत्ती लवकर रंग सोडते, दूध-साखरेत उकळूनही कडक राहते आणि थोडक्या पत्तीत जास्त कप होतात. आपली कटिंग याच पत्तीवर उभी आहे.

थोड्या भांडवलात टपरी टाकू पाहणारे तरुण आम्हाला प्रथम विचारतात, ‘स्वस्त पत्ती कुठे मिळेल?’ येथेच चूक होते. समजा, ४०० रुपये किलोची पत्ती कपाला २ ग्रॅम पुरते. म्हणजे किलोत ५०० कप, कपाला ८० पैसे. ३०० रुपयांची हलकी पत्ती ३ ग्रॅम लागली, तर किलोत ३३३ कपच होतात आणि कपाला ९० पैसे पडतात. स्वस्त पत्ती महाग पडली! शिवाय कपाचा मोठा खर्च दुधाचा. पत्तीत काटकसर करून हाती काय लागणार?

सुटी पत्ती घेताना तिची परीक्षा करावी. टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरून वर थोडे पाणी शिंपडावे. कागदावर लगेच गडद रंगाचे डाग उठले, तर वापरलेली पत्ती वाळवून रंगविली असल्याचा संशय घ्यावा. लोखंडाचा कीस असल्यास तो लोहचुंबकाला चिकटतो. टपरीलाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, हेही विसरू नये.

शेवटचे सांगणे उधारीविषयी. कटिंगची उधारी थोडीथोडी वाढते, म्हणून डोळ्यांत भरत नाही. महिनाअखेर मात्र दूधवाल्याचे पैसे थकतात. वही रोज लिहावी आणि आठवड्याला मिटवावी. चहा कडक असावा आणि हिशेब त्याहून कडक, म्हणजे धंद्यात बरकत राहते.