चित्रावरून कथा : नरसी नामदेवच्या मुलांसाठी एक विषय
चित्र पाहून मुलांनी कथा लिहिण्याची स्पर्धा नव्या वळणाची वाटत असली, तरी सिंधुदुर्गातील पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे सुट्या चित्रांच्या ‘पोथी’तून एकेक चित्र दाखवत कथा गाऊन सांगण्याची ठाकर समाजाची कला, याच वाटेवरची असून तिचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तेथे तर अशा स्पर्धेसाठी विषय आयताच आहे : भाकरी तोंडात धरून पळणारे कुत्रे आणि ती कोरडी खावी लागू नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्यामागे धावणारे नामदेव. मात्र पाठ असलेली आख्यायिकाच उतरवून काढली, तर स्पर्धा कसली? कुत्र्याच्या तोंडून किंवा चौकटीबाहेरच्या माणसाच्या नजरेतून लिहिणाऱ्या मुलाला शिक्षकांनी जास्त गुण द्यावेत.