रानाखालचं पाणी

अमेरिकेतल्या युटा राज्यात एस्कलांटे नावाचं एक कोरडं खोरं आहे. 1920च्या दशकात वॉल्टर व्हाइट या भूजलतज्ज्ञाने तिथल्या उथळ विहिरींवर पातळीची सतत नोंद घेणारी यंत्रं बसवली. कागदावर उमटलेली रेघ करवतीच्या दातांसारखी निघाली. ऊन चढलं की पाणी उतरू लागे, संध्याकाळी थबके, रात्रभर हळूहळू चढे. ही उपशाची खूण होती, पण उपसा मोटारीचा नव्हता. पाणी ओढत होती झुडपं आणि लसूणघास. पीक कापलं की दात बोथट होत. कडाक्याच्या हिवाने पानं मेली की रेघ जवळजवळ सपाट होई. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळात वनस्पती पाणी जवळपास घेतच नाहीत. त्या चार तासांत पातळी किती वेगाने चढते, यावरून त्यांचा दिवसभराचा वापर काढायचा, असं गणित व्हाइटने मांडलं. ते 1932 साली छापून आलं आणि थोड्याफार सुधारणांसह आजही वापरलं जातं.

जंगल पाणी देतं की पितं, हा वाद त्याहून जुना. आपल्याकडेही जलसंधारणाच्या कोणत्याही सभेत दोन पक्ष भेटतात. एक म्हणतो, झाडं लावा, झरे वाहतील. दुसरा निलगिरीचं नाव घेतो आणि आटलेल्या विहिरी दाखवतो. दोघांनाही आपापल्या गावचा अनुभव असतो. नसते ती जंगलाखालच्या पाण्याची नोंद.

आधीच्या संशोधकांनी नोंदी ठेवल्या नाहीत असं नाही, पण त्यांनी मोजला तो ओढा. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधल्या एमेन्टाल भागात एक जवळपास पूर्ण जंगलाचं आणि एक कमी जंगलाचं अशी दोन छोटी पाणलोट क्षेत्रं निवडून त्यांचे प्रवाह शेजारी शेजारी मोजले गेले. कोलोराडोतल्या वॅगन व्हील गॅपमध्ये 1910 साली एक पाऊल पुढे गेलं. दोन्ही पाणलोट आधी काही वर्षं तसेच ठेवून मोजले, मग 1919 साली एकातलं जंगल तोडलं आणि 1926पर्यंत मोजणी चालू ठेवली. तोडलेल्या बाजूचा ओढा जास्त वाहू लागला. पुढे शेकडो ठिकाणी हाच प्रयोग झाला आणि उत्तर बहुधा हेच आलं. झाडं गेली की ओढ्याचं वर्षभराचं एकूण पाणी वाढतं.

हे खरं असलं तरी अपुरं आहे. वर्षाची बेरीज वाढली, पण ती जुलैच्या लोंढ्यात की एप्रिलच्या धारेत? आणि एप्रिलची धार येते कुठून? नॉर्थ कॅरोलायनातल्या कोवीटा प्रयोगक्षेत्रात 1934पासून मोजणी चालू होती. तिथे जॉन ह्यूलेट आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा प्रयोग केला. उतारावर काँक्रीटचं लांबलचक कुंड बांधलं, त्यात माती भरली, ती पाणी पाजून चिंब केली आणि वरून प्लास्टिकने झाकून टाकली. पुढे चार महिन्यांहून जास्त काळ त्या कुंडाच्या खालच्या तोंडातून पाणी येत राहिलं. तळाशी मोठं भूजल असल्याशिवाय ओढा बारमाही वाहत नाही, हा समज त्यामुळे हलला.

मग वेल्समध्ये नेमकं उलटं घडलं. प्लिनलिमनच्या डोंगरावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून सेव्हर्नचं जंगली आणि वाय नदीचं गवताळ खोरं यांची तुलना चालू होती. तिथला खडक जुना आणि घट्ट, त्यात भूजल असून असून किती असणार, असं धरून वर्षानुवर्षं हिशेब मांडला गेला. नव्वदच्या दशकात जंगलात प्रत्यक्ष बोअर घेतले तेव्हा त्या घट्ट खडकाच्या भेगांत पाणी सापडलं, आणि तेही भरपूर. जगातल्या सर्वांत बारकाईने मोजलेल्या पाणलोटांपैकी एकात एवढी मोठी गोष्ट सुटली, कारण कोणी खाली पाहिलंच नव्हतं.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या पॅनोला डोंगरउताराची गोष्ट तर अभियंत्यांनी पाठ करावी अशी आहे. उताराच्या पायथ्याशी 20 मीटर लांबीचा चर खणून 147 पावसांची नोंद झाली. सुमारे 55 मिलीमीटरपेक्षा कमी पाऊस असला तर चरात जवळपास काहीच येत नसे. त्याहून जास्त झाला की एकदम पाणी सुटे. याचं कारण उतारभर पुरलेल्या नळ्यांमुळे कळलं. मातीखालच्या कातळाला खळगे होते. आधी ते भरत, मग एकमेकांना जोडले जात, आणि मगच पाणी पायथ्याला पोचे. वरून पाहणाऱ्याला तो एकसारखा, साधा उतार दिसतो.

जंगलात पातळी मोजणं म्हणजे नुसतं भोक पाडून दोरी सोडणं नव्हे. पिझोमीटर म्हणजे फक्त तळाजवळ भोकं असलेली नळी. भोकांभोवती वाळू भरायची आणि वर बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचा बूच मारायचा. तो बूच नीट बसला नाही तर पाऊस नळीच्या कडेने थेट खाली उतरतो आणि नोंदवहीत अद्भुत पुनर्भरण दिसू लागतं. एका नळीने भागतही नाही. माथा, मधला उतार आणि ओढ्याचा काठ अशी रांग लागते, आणि एकेका जागी वेगवेगळ्या खोलीच्या दोन-तीन नळ्या, म्हणजे पाणी खाली चाललंय की वर येतंय ते समजतं. मोजायला टेपला खडू फासून सोडण्याची जुनी रीत अजूनही चालते. भिजलेला खडू कुठवर हे वाचायचं. आता पाण्यात दाबमापक सोडून तासातासाची नोंद घेता येते. पण ते यंत्र पाण्याबरोबर हवेचा दाबही मोजतं. 10 मिलिबारचा फरक म्हणजे सुमारे 10 सेंटीमीटर पाणी. तो वजा करायला विसरलं तर आभाळात कमी दाबाचा पट्टा आला की जमिनीखालचं पाणी उतरल्याचा भास होतो.

या सगळ्या खटाटोपाचं मोल कळायला नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात जावं लागतं. तिथल्या जॅरा जंगलाखालच्या मातीत हजारो वर्षं समुद्रवाऱ्याबरोबर आलेलं मीठ साठलेलं आहे. खोल मुळांची झाडं पावसाचं पाणी परत हवेत टाकतात, म्हणून भूजल खोल राहतं आणि मीठ जागच्या जागी. जंगल तोडलं की ओढे खारट होतात, हे डब्ल्यू. ई. वुड या रेल्वेच्या अभियंत्याने 1924 सालीच लिहून ठेवलं होतं. वाफेच्या इंजिनांना गोडं पाणी लागे, त्यामुळे पाणी कुठे बिघडतंय यावर त्याची नजर होती. शासनाला पटायला पन्नास वर्षं लागली. सत्तरच्या दशकात कॉली नदीच्या खोऱ्यात पाच छोटे पाणलोट प्रयोगासाठी निवडले गेले आणि 1976-77च्या उन्हाळ्यात त्यांपैकी तिघांत तोड झाली. वाइट्समध्ये पूर्ण, लेमनमध्ये 53 टक्के, डॉन्समध्ये त्याहून कमी. सॅमन आणि अर्नीज तुलनेसाठी राखले.

वाइट्स जास्त पावसाचा, तिथला परिणाम लवकर दिसला. लेमनची कथा अधिक शिकवणारी आहे. तोडीनंतर ओढ्यात थोडं जास्त पाणी येऊ लागलं आणि ते गोडंच होतं. नुसता ओढा मोजणाऱ्याने, तोड निर्धोक आहे, असा अहवाल दिला असता. खाली मात्र भूजल वर्षामागून वर्ष चढत होतं. 1987च्या सुमारास ते ओढ्याच्या पात्राला टेकलं आणि ओढा खारट झाला. दहा वर्षं धोक्याची सूचना फक्त नळ्या देत होत्या. तिथे तोडीवर निर्बंध 1976 सालीच आले होते. प्रयोगाने त्यांना आकड्यांचा आधार दिला.

कथा तिथे संपत नाही. त्या भागातला पाऊस सत्तरच्या दशकापासून घटला. आता न तोडलेल्या जंगलाखालची पातळी उतरू लागली, इतकी की अनेक ठिकाणी भूजलाचा आणि ओढ्याचा संबंधच तुटला. मग पूर्वीइतकाच पाऊस पडला तरी ओढ्यात पूर्वीइतकं पाणी येईना. पर्थच्या धरणांतली आवक 1975नंतरच्या पाव शतकात आधीच्या सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आली आणि 2006 साली शहराने समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना सुरू केला. तेच जंगल, त्याच नळ्या. आधी चढाव धोक्याचा होता, मग उतार.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरी मोजते आहे. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा वर्षातून चार वेळा. अर्धशतकाची ही नोंद अमूल्य आहे, तिची थट्टा करण्याचं कारण नाही. पण या विहिरी बहुतेक गावशिवारातल्या, आणि पुष्कळशा वापरातल्या. वापरातल्या विहिरीची पातळी पावसाइतकीच आदल्या रात्रीच्या मोटारीचीही असते. आणि वर्षाला चार नोंदींत व्हाइटच्या करवतीचा एकही दात सापडणार नाही.

राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, ही आणखी एक अडचण. मुरूम आणि मांजऱ्या खडकात पाणी राहतं, काळ्या पाषाणात फक्त भेगांपुरतं. असा खडक आपल्या घनफळाच्या साधारण 2 टक्के पाणी सोडतो असं धरलं, तर 20 मिलीमीटर पाणी मुरताच पातळी मीटरभर चढते. वाळूच्या जमिनीत तेवढ्याच पाण्याने ती 10 सेंटीमीटर चढेल. ‘पातळी मीटरभर वाढली’ असे फलक जलसंधारणाच्या कामांवर झळकतात, तेव्हा वाचणाऱ्याने आधी खालचा खडक विचारावा. हजारो मिलीमीटर पाऊस झेलणाऱ्या घाटमाथ्यावरच्या वाड्यांना एप्रिलात टँकर का लागतो, याचं बरंचसं उत्तर या 2 टक्क्यांत आहे.

सह्याद्रीच्या जंगलाखाली काय चालतं याचा सर्वांत चांगला पुरावा शेजारच्या उत्तर कन्नडमधून येतो. जगदीश कृष्णस्वामी, माइक बोनेल आणि सहकाऱ्यांनी तिथे राखलेलं जंगल, वापराने खंगलेलं जंगल आणि अकेशियाची लागवड यांची तुलना केली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईने आणि तुडवण्याने मातीची पाणी मुरवण्याची ताकद घटली होती; लागवडीने ती काही अंशीच परत आली. जास्त पाणी खोल उतरत होतं ते राखलेल्या जंगलात, तिथली झाडं भरपूर पाणी पीत असूनही. म्हणजे मुरणं आणि पिणं यांतली वजाबाकी महत्त्वाची. निलगिरी पर्वतातल्या ग्लेनमॉर्गनला 1968पासून चाललेल्या प्रयोगात हीच वजाबाकी दुसऱ्या बाजूला गेली. गवताळ माळावर निलगिरी लावल्यावर पहिल्या फेरीतच ओढ्याचं पाणी सुमारे 16 टक्क्यांनी घटलं. माळ आधीच पाणी मुरवत होता, झाडांनी फक्त पिणं वाढवलं. बुर्किना फासोच्या कोरड्या शेतांत झाडं विरळ असताना पुनर्भरण सर्वांत जास्त आढळलं. अजिबात नसताना कमी, दाट असतानाही कमी.

तेव्हा सभेतल्या त्या दोन्ही पक्षांना सांगण्यासारखं एवढंच, की झाड कोणतं, माती कशी आणि खडक कोणता हे कळल्याशिवाय वाद घालू नका. उत्तर कन्नडचा निष्कर्ष जसाच्या तसा सह्याद्रीच्या बेसॉल्टला लावणंही चूकच. इथल्यासाठी इथली नोंद हवी. वनविभागाच्या कार्य आयोजनेत झाडांची गणती असते, घेर असतो, उत्पादन असतं. भूजलाच्या पातळीलाही तिथे एक रकाना मिळायला हवा. गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर राज्यातल्या हजारो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. बांबू मोजणाऱ्या, तेंदूचा हिशेब ठेवणाऱ्या या ग्रामसभांना टेप आणि खडू अवघड नाही. भूजल यंत्रणेने त्यांना नळ्या बसवून द्याव्यात, बूच नीट मारून द्यावा आणि दर आठवड्याची नोंद त्यांच्याकडे सोपवावी. सुरुवात पावसाळ्याआधी करावी, म्हणजे पहिल्या पावसाआधीची पातळी हाती राहील.