मैदा लकडी
मैदा लकडी : (हिं. मैदा लकडी, सं. मेदासक, लॅ. लिट्सिया ग्लुटिनोजा, कुल–लॉरेसी). उष्ण कटिबंधातील हा सदापर्णी वृक्ष दालचिनी, तमाल व कापूर यांच्या कुलातील असून त्याचा प्रसार भारत, म्यानमार, दक्षिण चीन, इंडोनेशिया ते उत्तर ऑस्ट्रेलिया असा आहे. पोर्तुगीज वनस्पतिवैज्ञानिक लोरेरो यांनी १७९० मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. सध्याचे शास्त्रीय नाव १९११ मध्ये रूढ झाले. महाराष्ट्रात तो सह्याद्रीत व सातपुड्याच्या रांगांत आढळतो. वऱ्हाडात मेळघाटच्या सागवनांत ओलावा टिकून राहणाऱ्या ओढ्यांच्या काठी त्याची विरळ वाढ आहे. त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी वरूड व मोर्शी तालुक्यांतील संत्र्यांच्या बागांचा प्रदेश पसरलेला आहे.

वृक्षाची उंची सु. ५–१५ मी. असते. साल करडी वा तपकिरी असून तिचा आतील भाग ओला केल्यास बुळबुळीत होतो. पाने साधी, एकाआड एक, लंबगोल, सु. १०–२० सेंमी. लांब व चुरगळल्यास सुवासिक असतात. फुले लहान, पिवळसर, चामरकल्प (चवरीसारख्या) फुलोऱ्यात येतात. परिदले अपुरी वा नसतात. केसरदले अनेक असून परागकोश झडपांनी उघडतात [⟶ लॉरेसी]. पुं-पुष्पे व स्त्री-पुष्पे वेगवेगळ्या झाडांवर येतात. मृदुफळ गोल, वाटाण्याएवढे, पिकल्यावर काळे व एकबीजी असते.

व्यापारात ‘लकडी’ असे नाव असले, तरी काष्ठौषधीच्या दुकानांतून विकली जाते ती मुख्यतः साल होय. मुरगळणे, मुका मार व सूज यांवर तिचा लेप आंबेहळदीबरोबर उगाळून लावण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. सालीतील श्लेष्मल द्रव्यामुळे ती अतिसार व आमांश यांवर शामक म्हणून देतात. तिच्यात बोल्डीन, लॉरोटेटानीन इ. अल्कलॉइडे असतात. आयुर्वेदातील अष्टवर्गापैकी ‘मेदा’ या दुर्मिळ कंदाऐवजी ही साल कित्येकदा वापरली जाते. परंतु त्या दोन अगदी भिन्न वनस्पती आहेत. बियांतील घट्ट मेदात लॉरिक अम्ल विपुल असून तो मेणबत्त्या व साबण यांकरिता वापरीत.

या वृक्षास खरा धोका निर्माण झाला तो उदबत्तीच्या धंद्यामुळे. कोळशाची पूड व सुगंधी द्रव्ये काडीस चिकटविण्यास ‘जिगट’ नावाची चिकट पूड लागते व ती या सालीपासून करतात. औषधास लागणारी साल थोडी. उदबत्तीस लागणारी मात्र फार मोठी. त्यामुळे खोडाची साल सभोवार सोलून काढण्याची वा झाडच तोडण्याची प्रवृत्ती वाढली. सालीच्या आतील परिकाष्ठातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते व सालीलगतच्या ऊतककरापासून नवी साल बनते. सभोवार सोलल्यास दोन्ही नष्ट होतात. मुळांची उपासमार होते व साठविलेले अन्न संपताच वृक्ष वाळतो. वरूडच्या बागायतदारांना हा परिणाम संत्र्यावरील डिंक्या रोगात दिसतो : बुंध्याभोवतीची साल पूर्ण कुजली की, झाड हातचे जाते.

हानी एवढ्यावर थांबत नाही. नर व मादी झाडे वेगळी असल्यामुळे विरळ वनात जवळपासची नर झाडे नाहीशी झाली, तर उरलेली मादी झाडे फुलूनही फळे धरीत नाहीत. कुलातील अनेक वृक्षांप्रमाणे याच्या बियांची उगवणक्षमता साठवणीत लवकर कमी होते. म्हणून त्या ताज्याच पेराव्या लागतात. रोपांना आरंभी सावली व ओलावा मानवतो. जगाचा एकूण विचार करता ही जाती दुर्मिळ नाही. मॉरिशससारख्या बेटांवर तर ती उपद्रवी तण ठरली आहे. भारतातील काही भागांत मात्र तिची संख्या घटली आहे.

यावर उपाय कठीण नाहीत. साल सोलताना खोडाच्या एकाच बाजूची अरुंद उभी पट्टी काढावी, आतील ऊतककरास इजा करू नये व ती जागा भरून येईपर्यंत झाडास पुन्हा हात लावू नये. कोवळी झाडे वगळावीत व बियांसाठी नर-मादी दोन्ही झाडे राखावीत. तोडलेल्या खोडास धुमारे फुटतात, त्यांपासूनही साल घेता येते. वनहक्क कायद्याने (२००६) गौण वनोपजावरील हक्काबरोबरच सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभांकडे आला आहे. साल गोळा करणाऱ्यास तिचा रास्त भाव मिळाला आणि तेच झाड पुढेही आपल्याच हाती राहील अशी खात्री वाटली, तरच हे नियम पाळले जातील.