बंदूक नोंदवली म्हणजे गेली का?

स्कूटर घेतली की आरटीओत नोंद होते. फ्लॅट घेतला की सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. मूल जन्मलं की पालिकेत. मग बंदुकीसारख्या जीवघेण्या वस्तूची नोंद सरकारदरबारी असावी, यात वाद घालण्यासारखं काय आहे, असं आपल्याला वाटतं. आपल्याकडे तर परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हाच गुन्हा. पण अमेरिकेत हा विषय नुसता काढला, तरी घरोघरी दोन तट पडतात. तिथे लाखो माणसं ठामपणे मानतात की, आज सरकार बंदुकीचा नंबर आणि मालकाचा पत्ता लिहून घेईल आणि उद्या त्याच यादीवर बोट ठेवत दारात येऊन बंदूक उचलून नेईल. थोडक्यात, नोंदणी म्हणजे जप्तीची पहिली पायरी!

ही भीती खुळचट म्हणून सोडून द्यायची, की तिच्यात काही तथ्य आहे? उत्तरासाठी तर्क लढवण्याची गरज नाही. काही देशांनी बंदुकांची नोंद केली, काहींनी बंदुका परत घेतल्या आणि एका देशाने तर नोंदवहीच नष्ट केली. या सगळ्यांचा अनुभव आपल्यासमोर आहे.

नोंद नको म्हणणारा कायदा

सुरुवात अमेरिकेपासूनच करू. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथे १७९१ पासून राज्यघटनेत आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार अमेरिकेत खासगी मालकीच्या बंदुका सुमारे ३९ कोटी ३० लाख, म्हणजे लोकसंख्येपेक्षाही जास्त! १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी देशातल्या प्रत्येक बंदुकीची नोंद व्हावी, असा आग्रह धरला. संसदेने तो मानला नाही. पुढे १९८६ च्या कायद्याने तर केंद्र सरकारला बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही तयार करायलाच मनाई केली.

याचा परिणाम मोठा मजेशीर आहे. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली, की पोलीस वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या केंद्राशी संपर्क साधतात. तिथले कर्मचारी आधी कारखानदाराला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला आणि शेवटी दुकानदाराला. दुकानदाराने जपून ठेवलेल्या फॉर्मवर पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव मिळतं. दुकान बंद पडलं असेल, तर त्याची कागदपत्रं याच केंद्रात आलेली असतात. पण नाव टाकलं आणि त्या माणसाच्या सगळ्या बंदुकांची यादी समोर आली, अशी सोय करायला कायद्याने बंदी आहे.

गंमत म्हणजे अमेरिकेतच या वादाच्या दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो. १९३४ पासून तिथे मशिनगनची नोंद सक्तीची आहे. १९८६ मध्ये नव्या मशिनगन सामान्य नागरिकांना विकणं बंद झालं. पण आधी नोंदवलेल्या मशिनगन आजही कायदेशीरपणे मालकांकडे आहेत. नव्वद वर्षांची पक्की नोंद असूनही त्या कुणी ओढून नेल्या नाहीत. उलट न्यूयॉर्क शहराने १९६७ मध्ये रायफली आणि शॉटगन यांची नोंद सक्तीची केली. १९९१ मध्ये शहराने लष्करी धाटणीच्या काही बंदुकांवर बंदी घातली. ज्यांनी इमानेइतबारे नोंद केली होती, त्यांनाच नोटिसा गेल्या : बंदूक शहराबाहेर पाठवा, निकामी करा किंवा जमा करा. नोंदणीच्या विरोधकांच्या तोंडी न्यूयॉर्कचा दाखला सतत असतो, तो यामुळेच.

ऑस्ट्रेलियाने काय केलं?

२८ एप्रिल १९९६. टास्मानिया बेटावरच्या पोर्ट आर्थर या पर्यटनस्थळी एका तरुणाने ३५ जणांना गोळ्या घालून ठार मारलं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना खुर्चीवर बसून दोन महिनेही झाले नव्हते. अवघ्या बारा दिवसांत त्यांनी सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. अर्धस्वयंचलित रायफली आणि अनेक प्रकारच्या शॉटगन यांवर बंदी आणि उरलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद, हा त्याचा गाभा. ग्रामीण भागात संताप इतका होता की, सेल या गावातल्या सभेत हॉवर्ड कोटाच्या आत गोळीरोधक जाकीट घालून उभे राहिले!

सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. पण फुकट नाही. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेनुसार सरकारला नागरिकाची मालमत्ता योग्य मोबदल्याशिवाय घेता येत नाही. त्यासाठी सार्वजनिक आरोग्य योजनेच्या करात एका वर्षापुरती ०.२ टक्क्याची वाढ करण्यात आली. म्हणजे ज्याच्या घरी कधी बंदूक नव्हती, त्यानेही बंदूकमालकाच्या भरपाईचा भार उचलला.

या कहाणीतला महत्त्वाचा तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. १९९६ पूर्वी न्यू साऊथ वेल्स, क्वीन्सलँड आणि टास्मानिया या राज्यांत रायफली आणि शॉटगन यांची नोंद सक्तीची नव्हती. म्हणजे तिथे आधी नोंद आणि मग जप्ती असा क्रम नव्हताच. आधी हत्याकांड झालं, मग बंदी आली आणि नोंदणी तिच्याबरोबर आली. त्यानंतर जवळपास तीस वर्षं प्रत्येक बंदूक सरकारी दप्तरात आहे आणि तरीही ऑस्ट्रेलियातल्या बंदुकांची एकूण संख्या १९९६ पेक्षा वाढली आहे. नोंद हीच जप्तीची नांदी असती, तर असं घडलं नसतं.

ब्रिटन : यादी होती म्हणून

पोर्ट आर्थरच्या आधी दीडच महिना, १३ मार्च १९९६ रोजी, स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ चिमुकली मुलं आणि त्यांची शिक्षिका यांचा बळी घेतला. त्याच्याजवळची पिस्तुलं परवान्याची होती. आईबापांनी देशभर सह्यांची मोहीम चालवली. १९९७ मध्ये दोन कायदे झाले. पहिला मेजर यांच्या काळात, दुसरा ब्लेअर यांच्या. खासगी पिस्तुलं जवळपास पूर्ण बंद झाली आणि सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुलं पोलिसांकडे जमा झाली. इथेही मोबदला दिला गेला.

ब्रिटनमध्ये परवाना पद्धत १९२० पासून आहे. कोणाकडे कोणतं पिस्तूल आहे, हे पोलिसांना ठाऊक होतं. म्हणूनच ती इतक्या सहज गोळा झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. नोंदणीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं इथे खरं ठरतं. पण त्याच दप्तरात नोंदवलेल्या लाखो शॉटगन आणि शिकारीच्या रायफली आजही शेतकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या घरी आहेत. यादी दोन्हींची होती. गेली ती फक्त कायद्याने बंदी घातलेली शस्त्रं.

नोंदवही नव्हती तरीही...

आता उलट बाजू पाहू. न्यूझीलंडमध्ये १९८३ पासून परवाना माणसाला मिळे. रायफली, शॉटगनची एकेक करून नोंद होत नसे. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका हल्लेखोराने ५१ जणांना ठार मारलं. मृतांत भारतीयही होते. महिन्याभरातच संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली. विरोधात फक्त एक मत पडलं! वर्षअखेरपर्यंत सरकारने पैसे मोजून ५६ हजारांवर बंदुका घेतल्या. मात्र बंदी घातलेल्या बंदुका देशात मुळात होत्या किती, हे यादीच नसल्याने कुणालाच नक्की सांगता येईना. शेवटी जून २०२३ मध्ये तिथे बंदुकांची नोंद सुरू झाली. नोंद नव्हती म्हणून बंदी टळली नाही. फक्त सरकारला अंधारात चाचपडावं लागलं.

कॅनडाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पिस्तुलांची नोंद १९३४ पासून आहे. डिसेंबर १९८९ मध्ये माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १४ महिलांची हत्या झाली आणि १९९५ च्या कायद्याने रायफली आणि शॉटगनही नोंदवायचं ठरलं. निव्वळ खर्च वीस लाख डॉलर येईल, असं सांगण्यात आलं होतं. २००२ मध्ये महालेखापरीक्षकांनी तो शंभर कोटींच्या पुढे जाणार असल्याचं दाखवून दिलं. ग्रामीण मतदार आधीच खवळले होते. २०१२ मध्ये नव्या सरकारने ही नोंदणीच रद्द केली आणि जमवलेली माहितीही नष्ट करायला लावली. लोकांनी मतपेटीतून सरकारी दप्तर मोडीत काढल्याचं हे दुर्मीळ उदाहरण!

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०२० मध्ये नोव्हा स्कॉशियात २२ जणांचा बळी गेल्यानंतर कॅनडाने सुमारे पंधराशे प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. यादी जाळूनही बंदी यायची ती आलीच.

आपल्याकडे काय?

भारतात नोंदणी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक घेण्याआधी परवाना लागतो आणि त्यावर बंदुकीचा तपशील चढतो. २०१६ च्या नियमांनी परवानाधारकांचा राष्ट्रीय माहितीकोश पक्का केला आणि प्रत्येकाला स्वतंत्र ओळख क्रमांक आवश्यक केला.

२०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. मूळ विधेयकात ही मर्यादा एकवर आणायची होती; संसदेत आणि बाहेर विरोध झाल्यावर ती दोन ठरली. ज्यांच्याकडे तिसरी होती, त्यांना वर्षभरात ती पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायला सांगण्यात आलं. वडिलोपार्जित बंदुकांनाही हीच मर्यादा लागू झाली. तिसरी बंदूक कोणाकडे, हे सरकारला नोंदीवरूनच कळत होतं. पण ती द्यावी लागली संसदेने केलेल्या कायद्यामुळे, आणि एकची दोन झाली तीही उघड चर्चेमुळे.

निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, हा कोकणातल्या शेतकऱ्यापासून उत्तर प्रदेशातल्या जमीनदारापर्यंत अनेकांचा अनुभव आहे. पिकात रानडुकरं घुसत असताना शेतीसंरक्षणाची बंदूक ठाण्यात पडून राहिली, की राग येणारच. तिथेही सरसकट हुकूम न काढता छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करावा, अशाच निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. आणि निवडणूक आटोपली की बंदूक मालकाला परत मिळते.

भीती कशाची बाळगावी?

मग नोंदवहीची भीती निराधार आहे का? तसंही नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यूंना कोणतंही शस्त्र बाळगायला बंदी केली. आधीच्या लोकशाही सरकारच्या काळात पोलिसांकडे जमलेली परवान्यांची माहिती या कामी आली. पण त्याआधी तीन वर्षं, १९३५ मध्येच, ज्यूंचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं होतं. बंदूक गेली ती त्यानंतर.

आपल्या इतिहासातही याची सावली आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जनतेला निःशस्त्र करायला घेतलं आणि लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना मात्र सूट होती. पुढे काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केले. लोकांचा राग परवान्याच्या कागदापेक्षा या पक्षपातावर अधिक होता.

म्हणून खरा प्रश्न नोंद करावी की नाही, हा नाहीच. कायदा सगळ्यांना सारखा आहे का, तो उघड चर्चेतून झाला आहे का, घेतलेल्या वस्तूचा मोबदला मिळतो का आणि अन्याय झाला तर कोर्टाचं दार उघडं आहे का, हे चार प्रश्न विचारायचे. त्यांची उत्तरं 'होय' असतील, तर दप्तरातलं नाव गुन्हेगार शोधायला उपयोगी पडतं. उत्तरं 'नाही' असतील, तर यादी नसली तरी सरकार घराघरांत शिरून झडती घेऊ शकतं.

आणि आपल्यापुरतं बोलायचं, तर गणित अगदी उलट आहे. आजोबांच्या पश्चात माळ्यावर ठेवलेली ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक 'राहू दे, घरातलीच आहे' म्हणून विसरू नये. परवानाधारक वारला, की वारसांनी ती पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. विनापरवाना बंदूक सापडली, तर २०१९ नंतरच्या कायद्यात किमान दोन वर्षांची कैद आहे. आपल्या देशात बंदूक हमखास जप्त होते ती नोंद केली म्हणून नव्हे, तर केली नाही म्हणून!