आजोबांचें जनककुल

ज्यांत तीन-चार पिढ्यांमागें एखादा दत्तक आला नाहीं असें जुनें घर आपल्यांत विरळाच सांपडेल. वतन, इनाम, घरचे देव आणि पितरांचें श्राद्ध हीं सर्व पुत्राच्या आधारावर उभीं होतीं त्या काळीं दत्तविधान ही झांकून ठेवण्याची गोष्ट नव्हती. होम होई, भाऊबंद पंगतीस बसत, आणि मुलगा अमक्याचा तमक्यानें घेतला हें गांवांतील पोरासोरांसहि ठाऊक असे. दुसऱ्या बाजीरावानें 1827 सालीं वेणगांवच्या भटांचा मुलगा मांडीवर घेतला, तेच नानासाहेब पेशवे. झांशीच्या दामोदररावांचें पाळण्यांतलें नांव आनंदराव होतें. कवळाण्याचे गोपाळराव 1875 सालीं बडोद्यास दत्तक जाऊन सयाजीराव झाले. या तिघांचींहि जनककुलें इतिहासास माहीत आहेत. सामान्य घरांतहि तीच रीत. बहुतेक कुलवृत्तांतांत दत्तकाच्या नांवापुढें त्याचें मूळ नांव व जनक पित्याचें नांव छापलेलें असतें, तें उगीच नव्हे.

म्हणूनच जेथें दत्तक आहे परंतु जनककुलाचें नांव कोणी उच्चारीत नाहीं, तेथें कांहीं निराळें आहे असें समजावें. आमच्या घरीं तसें होतें. आमचे आजोबा दत्तक होते एवढें सर्वांस माहीत. "कोंकणांतल्या लांबच्या नात्यांतले" याहून अधिक उत्तर कधीं मिळालें नाहीं. कोंकणांतील कोणतें गांव, कोणतें घर, हें विचारणाऱ्या मुलास आमच्या आजी पाणी आणावयास धाडीत.

आमचें लक्ष या गोष्टीकडे प्रथम वेधलें तें धर्मशास्त्रामुळें. काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनीं 1790 च्या सुमारास पंढरपुरांत धर्मसिंधु रचला. दत्तक गेलेल्या पुत्रास जनक मातापित्यांचें तीन रात्रींचें सूतक असतें असें त्यांत सांगितलें आहे. आजोबा आचारास अत्यंत कडक. चुलत-चुलत्याचेंहि सूतक ते चुकवीत नसत. पण जनक मातापित्यांचें सूतक त्यांनीं कधीं धरलें, असें घरांतील एकाहि वृद्ध माणसास आठवत नव्हतें. कोंकणांतील आईबाप आजोबांच्या बालपणींच वारले असतील, ही एक शक्यता. दुसरी शक्यता अशी कीं, त्यांच्या मृत्यूची वार्ता कळण्याची सोयच नव्हती.

सेवानिवृत्तीनंतर वेळ होता. गेल्या वर्षी आमच्या कुलाच्या मंडळानें नव्या कुलवृत्तांतासाठीं छापील तक्ते घरोघर पाठविले. त्यांत "दत्तक असल्यास जनक पिता, गोत्र व गांव" असा रकाना होता. तो रिकामा ठेवावा कीं कोंकणाची जुनी कहाणी त्यांत उतरवावी, याचा निर्णय करणें भाग पडलें. पडताळून न पाहिलेली गोष्ट छापून पुढच्या पिढीच्या हातीं देणें आमच्या मास्तरकीच्या संवयीस रुचेना. तेव्हां आम्ही कागद शोधूं लागलों.

अशा शोधास निघणाऱ्या वाचकांस येथें थोडें सांगतों. दत्तकपत्र सांपडलें नाहीं म्हणून दत्तक झालाच नाहीं, असें अनुमान काढूं नये. मुलगा देणें व घेणें प्रत्यक्ष घडलें कीं जुन्या हिंदु कायद्यानें दत्तक पुरा होई. लेख अवश्य नव्हता. नोंदणीची सक्ती होती ती मृत्युपत्राखेरीज अन्य लेखानें दत्तक घेण्याचा अधिकार दुसऱ्यास द्यावयाचा असेल तर. तरीहि दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची पाहावी, कारण पुष्कळ सावध माणसें आपण होऊन दत्तकपत्र नोंदवीत. शाळेच्या जनरल रजिस्टरांत मूळ नांव क्वचित् मिळतें. आजोबा सहाव्या वर्षी शाळेंत गेले तेव्हां आमच्याच आडनांवानें गेले, म्हणून आम्हांस तेथें कांहीं लाभलें नाहीं. मोडी मात्र शिकून घ्यावी. विसाव्या शतकाच्या आरंभींचीं दप्तरें तिच्यावांचून मुकीं आहेत, आणि दुसऱ्याकडून वाचवून घेतलेल्या मोडींत वाचणाऱ्याचा तर्क केव्हां मिसळतो हें कळत नाहीं.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी हें दुसरें साधन. यात्रेकरू आपल्या हातानें आपला वंश तींत लिहून जात. आमच्या पणजोबांचे तेथें दोन लेख मिळाले. पहिल्यांत "पुत्र नाहीं" अशी स्पष्ट नोंद. सात वर्षांनंतरच्या लेखांत पुत्राचें नांव, वय पांच. "दत्त" हा शब्द नाहीं. पणजोबा मामलेदार कचेरींतील कारकून, अक्षरास व शब्दास जपणारे. क्षेत्राच्या वहींत, गंगेच्या कांठीं, त्यांनीं मुलास औरसहि म्हटलें नाहीं व दत्तहि म्हटलें नाहीं. त्या वहीपुढें आम्ही बराच वेळ बसून होतों.

खरा उलगडा झाला तो शेताच्या कागदांवरून. मुंबई इलाख्यांत 1903 च्या कायद्यानें हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हांपासून मालक वारला कीं वारसाची नोंद फेरफाराच्या वहींत होते, आणि कोणी हरकत घेतली तर तंट्याची नोंद निराळी होते. पणजोबा 1921 सालीं वारले. आमच्या कृष्णाकांठच्या गांवीं विहिरीखालचें एक उत्तम बागाइत होतें. तें पुढें भाऊबंदांकडे गेलें. आजोबा भोळे म्हणून तें गमावलें, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों होतों. घरांत पैशाची ओढ लागली कीं त्या बागाइताचें नांव निघे, आणि आजोबा मान खालीं घालून बसत.

तंट्याच्या नोंदीवरून निराळेंच कळलें. भाऊबंदानें हरकत घेतली होती ती अशी: हा मुलगा कायद्यानें दत्तक नव्हे, कारण त्यास कोणीं दिलेंच नाहीं. हरकत वरवर चमत्कारिक वाटते, पण शास्त्रास धरून होती. पुत्राचें दान करण्याचा अधिकार माता व पिता यांसच आहे. भाऊ, चुलता, आजा कोणीहि तो देऊं शकत नाहीं. म्हणून पोरका मुलगा दत्तक घेतां येत नाहीं, असा जुन्या न्यायालयांचाहि निर्णय होता. आपल्या प्रांतांत विधवेस पतीच्या आज्ञेवांचून दत्तक घेण्याची मुभा होती, तेव्हां पणजी तोच मुलगा पुन्हां यथाविधि मांडीवर घेऊं शकली असती. पण देणारें कोण? आईबाप पुढें आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतें, आणि ते आणतां येत नव्हते.

त्या कागदांत आमच्या पणजीचा जबाब आहे. खालीं बांगडीची निशाणी नाहीं, अंगठा आहे. त्या तेव्हां विधवा होत्या. जबाब चार ओळींचा. मुलगा यजमानांनीं पंढरपुराहून आणला, तेव्हां तो दोन महिन्यांचा होता, मुंज आम्हीं केली, याहून आपणांस कांहीं सांगावयाचें नाहीं. पुढें तडजोड झाली. भाऊबंदानें बागाइत घेतलें आणि मुलास वारस म्हणून मान्य केलें. आजोबा त्या वेळीं वीस-एकवीस वर्षांचे होते आणि तडजोडीवर त्यांचीहि सही आहे. भोळेपणानें गमावलेलें शेत तें हेंच.

"पंढरपुराहून" या एका शब्दाचा अर्थ त्या काळच्या माणसांस समजावून सांगावा लागत नसे. आज तो सांगितला पाहिजे. विधवेचा पुनर्विवाह कायद्यानें 1856 सालीं मोकळा झाला, पण आपल्या घरांत तो कित्येक पिढ्या झाला नाहीं. बालविधवा घरांतच वाढत, आणि घरांतल्याच कोणाच्या पापानें त्यांच्यावर प्रसंग येई. मूल मारलें तर फांशी अथवा काळें पाणी, टाकलें तर तुरुंग, आणि ठेवलें तर त्या दोघांसहि घरांत जागा नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं 1863 सालीं पुण्यास स्वतःच्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें तें याकरितां. अशा विधवांनीं येथें यावें, गुप्तपणें सुखरूप बाळंत व्हावें, मूल न्यावें वा ठेवावें, असें त्यांनीं जाहीर केलें. काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं स्वतः पोटाशीं धरला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई गेल्या, त्या वेळीं त्यांच्या कार्यांत हाच मुलगा बरोबर होता. यशवंताच्या जन्मदात्रीचें नांव आज आपणांस ठाऊक आहे, कारण फुले दांपत्यानें तें लाजेचें मानलें नाहीं.

पंढरपुरांत असें गृह 1875 सालीं निघालें. तेथें न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर व प्रार्थनासमाजाची मंडळी यांनीं तें उभारलें. जागा अचूक निवडली होती. वारीच्या निमित्तानें विधवेस घराबाहेर काढणें सोपें. गर्दींत कोणी कोणास ओळखत नाहीं. कित्येक घरांतून अशा बायका पंढरीस नेऊन सोडल्या जात आणि न्यावयास कोणी परत येत नसे. आजोबा त्याच गृहांतून आले असें आम्ही ठामपणें म्हणत नाहीं. जबाबांत गृहाचें नांव नाहीं. पण दोन महिन्यांचें मूल, देणारें कोणी नाहीं, आणि गांव पंढरपूर, इतकें एकत्र आल्यावर वाचकांनींच काय तें ठरवावें.

येथवर आल्यावर आम्ही आत्याबाईंकडे गेलों. त्या आजोबांच्या धाकट्या कन्या, वय नव्वदीच्या घरांत, स्मरण खणखणीत. कागद वाचून दाखविले. त्या रागावल्या.

"बाबांनीं जें तोंडांतून काढलें नाहीं, तें तूं कचेऱ्या धुंडून काढतोस? मास्तरकी झाली ना पुरी?"

आम्ही गप्प राहिलों. थोड्या वेळानें त्यांनीं आपणच ट्रंक उघडावयास सांगितलें. तींत सुतळीनें बांधलेल्या मनिऑर्डरीच्या पोंचपावत्या होत्या. दरवर्षी आषाढांत एक. रकम पांच रुपये, पुढें दहा. शिक्का पंढरपूरचा. घेणाऱ्याची सही लागत नाहीं, पण एका पावतीवर "मुलांच्या दुधासाठीं" असें आजोबांच्या अक्षरांत आहे. घरांत सर्वांस वाटे कीं ही विठ्ठलाची सेवा. आत्याबाई म्हणाल्या, "बाबा वारीला कधीं गेले नाहींत. विठोबाच्या देवळांत पाऊल टाकलेलें मीं पाहिलें नाहीं. मी एकदां विचारलें तर म्हणाले, तिथें माझें देणें आहे."

म्हणजे आजोबांस सर्व ठाऊक होतें, निदान 1921 पासून. मान खालीं घालून ते ऐकत होते तें बागाइताची किंमत कशास दिली हें जाणून.

आमचा पुतण्या अमेरिकेंत आहे. त्यानें लाळेची परीक्षा करवून घेतली. पित्याकडून पुत्रास येणारें वाय् गुणसूत्र आजोबांपासून आम्हांपर्यंत व त्याच्यापर्यंत बहुधा जसेंच्या तसें आलेलें, म्हणून त्यावरून आजोबांच्या जनक पित्याचा वंश सांपडेल अशी त्याची आशा. तत्त्वतः तें खरें आहे. पण अशा संग्रहांत आपल्याकडील नांवें थोडीं, आणि शतकानुशतकें आपापसांत लग्नें करणाऱ्या समाजांत दूरचे लोकहि गणितानें जवळचे भासतात. त्यास चार-पांच दूरची नांवें मिळालीं. त्यांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. त्यानें पुढें खटपट करूं नये असें आम्हीं त्यास लिहिलें. ज्या पुरुषानें त्या मुलीस पंढरीच्या वाटेवर सोडलें, किंवा सोडूं दिलें, त्याचें गोत्र आमच्या घरांत कोणास हवें आहे?

आईची गोष्ट निराळी. तिचें नांव कळावें असें फार वाटतें. मात्र असलीं गृहें चाललीं तीं नांव न सांगण्याच्या वचनावर, आणि तें वचन आजोबांस नव्हे, तिला दिलेलें होतें. आजच्या कायद्याचीहि दृष्टि अशीच आहे. 1956 च्या कायद्यानें मुलगीहि दत्तक घेतां येऊं लागली, आणि 1962 च्या दुरुस्तीनें टाकून दिलेलें अथवा मातापिता अज्ञात असलेलें मूल पालकास न्यायालयाच्या परवानगीनें देतां येऊं लागलें. पणजीस बागाइत देऊन जें मिळवावें लागलें तें आतां अर्ज करून मिळतें. संस्थेंतून दत्तक गेलेलें मूल मोठें झाल्यावर आपल्या मुळाचा शोध मागूं शकतें. पण 2022 च्या विनियमांप्रमाणें तो शोध तिऱ्हाइतास करतां येत नाहीं, आणि जन्मदात्यांच्या गुप्ततेस धक्का लावतां येत नाहीं. हा नियम आमच्या आजोबांच्या काळास लागू नसला तरी आम्हांस तो योग्य वाटला. नातू झाला तरी त्या बाईच्या दृष्टीनें तो तिऱ्हाइतच. म्हणून आम्ही पंढरपुरास चौकशीला गेलों नाहीं.

गोत्राची अडचण राहिली असें कोणी म्हणेल. दत्तकाच्या वंशानें जनककुलाचेंहि गोत्र वर्ज्य करावें हें खरें. पण अज्ञात गोत्रास काश्यप म्हणावें अशी सोय शास्त्रानेंच करून ठेविली आहे, आणि 1946 च्या कायद्यापासून सगोत्र विवाहासहि बाध नाहीं. आमच्या नातीचें लग्न ठरविणारी मंडळी हा प्रश्न काढतील असें आम्हांस वाटत नाहीं. काढलाच तर उत्तर तयार आहे.

मंडळाचा तक्ता आम्हीं भरून पाठविला. "जनक पिता" याखालीं "अज्ञात" लिहिलें. "गांव" याखालीं "पंढरपूर" लिहिलें. चुलत बंधूंस हें रुचलें नाहीं. कोंकण लिहिलें असतें तर कोणाचें काय गेलें असतें, असा त्यांचा प्रश्न. तक्त्यावर घरांतील वडीलधाऱ्या माणसाची सही लागते. आत्याबाईंनीं चष्मा मागितला, दोनदां वाचलें, आणि "पंढरपूर" या शब्दापुढें आपल्या हातानें "आई: नांव दिलेलें नाहीं" असें वाढवून सही केली.