खवले मांजर आणि चिनी सांधेदुखी

धारवाडपलीकडच्या दांडेलीपासून कोकणापर्यंत रात्री मुंग्या-वाळवी शोधत फिरणारं खवले मांजर चोरून का मारतात? पारंपरिक चिनी वैद्यक म्हणतं, भाजलेल्या खवल्यांनी रक्त मोकळं वाहतं, सांधेदुखी थांबते, बाळंतिणीला दूध येतं. खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांतलंच! मग स्वतःची नखं कुरतडा की, फुकट आहेत. 2016 मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स परिषदेनं खवल्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करायचं ठरवलं. 2020 मध्ये चीननं औषधकोशाच्या मुख्य यादीतून खवले वगळले. काही तयार औषधांत मात्र ते राहिलेच. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था कोकणात खवले मांजराच्या संरक्षणासाठी काम करते. महाराष्ट्रात शिकारीचा सुगावा लागला, तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा.